मुदत ठेवीवरचे क्रेडिट कार्ड: लातूरच्या एका शाखेतील अनुभव

थोरल्याला नोकरी लागताच दुचाकीसाठी कर्ज हवे होते; पण सिबिलवर (कर्जफेडीच्या नोंदी ठेवून पतगुण देणाऱ्या कंपनीकडे) त्याची नोंदच नसल्याने अर्ज परत आला, म्हणून सोयाबीनच्या पट्टीतले 20,000 रुपये त्याच्या नावे मुदत ठेवीत ठेवून आम्ही तिच्यावर 18,000 रुपये मर्यादेचे कार्ड घेतले. उत्पन्नाचा दाखला लागला नाही, ठेवीवरचे व्याजही चालू राहिले. काउंटरवरचे 'किमान रक्कम भरली तरी चालते' हे आश्वासन मात्र मला मुळीच पटले नाही. कारण त्याने विलंबशुल्क टळते, पण उरलेल्या रकमेवर व्याज चढते आणि नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. म्हणून कार्डावर फक्त पेट्रोल व रिचार्ज ठेवले आणि पूर्ण बिल खात्यातून आपोआप वळते करून घेतले. आठ महिन्यांनी त्याचा सिबिलचा अहवाल काढला (प्रत्येक पतमाहिती कंपनी वर्षातून एकदा तो मोफत देते), तेव्हा 300 ते 900 च्या मोजपट्टीवर 748 गुण दिसले.

सातवीतल्या धाकटीने सायकलच्या दुरुस्तीसाठी माझ्याकडून 300 रुपये उसने घेऊन भिंतीवरच्या कॅलेंडरवर सहा हप्ते लिहिले होते. दोन चुकल्यावर मी पुढची उसनवारी नाकारली, तेव्हा "दादाने तर काहीच बुडवले नव्हते, मग त्याला बँकेने कर्ज का नाही दिले?" असे तिने विचारले, आणि नोंद नसणे व नोंद बिघडणे यांतला फरक समजावताना माझीच तारांबळ उडाली.

वार्षिक शुल्काचे 500 रुपये अर्जाच्या वेळी कोणीही सांगितले नव्हते, त्यामुळे या कार्डाला माझ्याकडून पाचपैकी साडेतीन गुण.