अंतिम सामन्याच्या रात्रीचे मटण ताट

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतील या खानावळीत मी अनेक वर्षे जेवतो. त्यामुळे 18 डिसेंबर 2022 रोजी, अर्जेंटिना आणि फ्रान्स यांच्यातील फुटबॉल विश्वचषकाच्या अंतिम सामन्यासाठी तेथे मोठा पडदा लागणार असल्याचे कळताच आम्ही चौघांनी दुपारीच जागा सांगून ठेवली. एरवी 280 रुपयांचे मटण ताट त्या रात्री 400 रुपयांना होते आणि पांढऱ्या रश्श्याच्या दुसऱ्या वाटीचे वेगळे पैसे पडतील, असे फलकावर लिहिले होते. कोल्हापुरात रस्सा मोजून देणे म्हणजे पाहुण्याला पाणी मोजून देण्यासारखेच आहे.

सुके मटण नेहमीसारखे मुरलेले होते आणि तांबड्याचा झटकाही कायम होता; पांढरा मात्र गर्दीला पुरवण्यासाठी पातळ केलेला स्पष्ट जाणवत होता. पडद्यावरचे चित्र इतके मागे होते की शेजारच्या गल्लीत फटाके वाजून गेल्यावर आमच्याकडे मेसीचा गोल होत असे.

बिल देताना मालकांना सहज विचारले, तर त्यांनी हिशेबच मांडला. साठ ताटांवर जास्तीचे 120 रुपये, म्हणजे 7,200 रुपये आले. त्यातून प्रोजेक्टर आणि खुर्च्यांचे भाडे 6,000 रुपये, दोन जादा वाढप्यांचे 1,000 रुपये गेले. राहिले 200 रुपये. शिवाय रविवारी खानावळ तशीही भरतेच; उलट गोंगाट पाहून नेहमीची कुटुंबे त्या रात्री दारातूनच परतली. 2012 च्या ऑलिंपिकच्या वेळी लंडनकडे नेहमीच्या पर्यटकांनी अशीच पाठ फिरवली होती.

प्रोजेक्टरवाल्याचे भाडे मात्र सामना कसाही झाला तरी पक्के होते आणि विश्वचषकात प्रोजेक्टरवाल्याची ही जागा फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेची असते. प्रक्षेपणाचे हक्क, प्रायोजक आणि तिकिटे यांचा पैसा मुख्यतः तिच्याकडे जातो. कतार स्पर्धेपर्यंतच्या चार वर्षांत तिचे उत्पन्न साडेसात अब्ज डॉलरवर गेले. कतारने मेट्रो, रस्ते आणि सात नवी मैदाने धरून 200 अब्ज डॉलरहून अधिक खर्च केल्याचे सांगितले जाते, आणि करसवलतीही यजमानानेच द्यायच्या असतात. विजेत्या अर्जेंटिनाच्या वाट्याला 4.2 कोटी डॉलर आले. ब्राझीलमध्ये मानाउस येथे 2014 साली चार सामन्यांसाठी चाळीस हजारांहून अधिक आसनांचे मैदान उभारले गेले, पण तेथे ते भरेल असा मोठा क्लब नव्हता. पाटाकडील आणि प्रॅक्टिस या कोल्हापूरच्या फुटबॉल संघांची गाठ पडली की आपले शाहू स्टेडियम ओसंडून वाहते, हे येथे आठवल्याशिवाय राहत नाही. अपवाद लॉस एंजेलिसचा: 1984 च्या ऑलिंपिकमध्ये तेथील आयोजन समितीकडे 20 कोटी डॉलरहून अधिक शिल्लक उरली, कारण बहुतेक मैदाने आधीपासूनच तयार होती.

मालकांना मी तेच सुचवले: पुढच्या वेळी पडदा तालमीकडून मागून आणावा. त्यांनी मान डोलावली, पण प्रोजेक्टरवाला त्यांचा मेहुणा असल्याचे नंतर कळले.

बुधवारी पुन्हा गेलो. ताट 280 रुपयांनाच होते, रस्सा दाट होता आणि वाढप्याने न विचारताच दुसरी वाटी भरली.