25 केव्हीएआर कॅपॅसिटर ड्यूटी कॉन्टॅक्टर: 14 महिने वापरल्यावर

नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीतलं हे एपीएफसी पॅनल, म्हणजे पॉवर फॅक्टर सुधारण्यासाठी कॅपॅसिटर आपोआप चालू-बंद करणारं. एक कॅपॅसिटर आणि त्याचा कॉन्टॅक्टर (कॉइलने ओढला जाणारा स्विच) मिळून एक स्टेज. ही पहिली स्टेज, सगळ्यात जास्त चालू-बंद होणारी. मे महिन्यात तिच्या कॉन्टॅक्टरचा आर फेजचा पॉइंट (करंट जोडणारा-तोडणारा धातूचा तुकडा) वेल्ड झाला, म्हणजे चिकटून बसला. कॉइल सुटली तरी कॅपॅसिटरच्या टर्मिनलवर व्होल्टेज राहिलं, आणि क्लॅम्प मीटर मात्र शून्य दाखवत होता. म्हणून हात घालण्याआधी क्लॅम्प मीटरच्या शून्यावर विसंबू नका, तो फक्त करंट दाखवतो. मेन स्विच पाडा, तीन मिनिटं थांबा, टर्मिनल शॉर्ट करून डिस्चार्ज करा.

पहिला राग पॉइंटच्या धातूवर निघाला. सिल्व्हर टिन ऑक्साइडच्या नावावर हलका माल खपवला, असंच वाटलं. कॉन्टॅक्टर उघडल्यावर मत बदललं. चिकटलेली जागा सोडली तर मेन पॉइंटवर चांदी शाबूत होती. गेली होती ती वरच्या ब्लॉकमधली रेझिस्टन्सची वायर, तीही त्याच फेजची, लगवर, म्हणजे टोकाच्या जोडावर, तुटून काळी पडलेली.

सगळा खेळ या वायरीचा आहे. वरचे छोटे पॉइंट मेन पॉइंटच्या काही मिलिसेकंद आधी लागतात आणि कॅपॅसिटर चार्ज होतानाचा करंटचा पहिला झटका वायरीतून जातो. वायर तुटली की तो थेट मेन पॉइंटवर येतो. चालू करंट 440 व्होल्टला जेमतेम 33 अँपिअर. पण शेजारच्या स्टेज आधीच चार्ज असतील तर क्षणभराचा झटका शंभर पटींच्याही वर जातो. चांदी वितळते, पॉइंट आपटून उसळतो आणि चिकटतो.

तपासणी सोपी आहे. सप्लाय बंद, कॅपॅसिटर डिस्चार्ज, खालच्या तिन्ही वायरी सोडवलेल्या. मीटर ओहमवर ठेवून एका फेजच्या वर-खाली प्रोब लावा आणि कॅरिअर (पॉइंट हलवणारा सरकता भाग) बोटाने हळूहळू दाबा. आधी रेझिस्टन्सचं रीडिंग, मग जवळपास शून्य, असं यायला हवं. मधलं रीडिंग न येता एकदम शून्य आलं तर वायर किंवा छोटा पॉइंट गेलाय. तिन्ही फेज पाहा, दहा मिनिटंही लागत नाहीत.

पॉलिश पेपर मारायची सवय मात्र सोडा. काळपटपणा नुसता वरचा असतो, तो वहनाला फारसा आड येत नाही. घासल्याने चांदीच कमी होते आणि दाब उतरतो. खालचं तांबं दिसलं, तर बदलायचंच.

वायर तुटण्याचं कारण स्टेज चालू-बंद करणाऱ्या कंट्रोलरमध्ये सापडलं. स्टेज सुटल्यावर परत लागण्याआधी थांबायचा वेळ 15 सेकंद ठेवला होता. कॅपॅसिटर 75 व्होल्टखाली यायला 3 मिनिटांपर्यंत लागू शकतात. अर्धवट चार्ज असताना तो सप्लायच्या उलट्या पीकवर लागला की झटका आणखी वाढतो. आता वेळ 180 सेकंद आहे. पावसाळाभर वायरी जशाच्या तशा आहेत आणि पॅनलचा खटखटाटही कमी झालाय.

खटकतं ते एवढंच की वरचा ब्लॉक सुटा मिळत नाही, बर्डीच्या बाजारातही नाही. वायर काडीएवढी, आणि तिच्यापायी चांदी शिल्लक असलेल्या मेन पॉइंटसकट अख्खा कॉन्टॅक्टर भंगारात. दुसऱ्या स्टेजसाठी मेक ठरवताना पहिला प्रश्न ब्लॉकच्या स्पेअरचाच विचारणार.