‘थोडं घासा, बसेल’

माझ्या गाडीत मूळचं इंजिन नाही. छोट्या बॉनेटखाली मोठं इंजिन कोंबलंय, तेही मीच. एक्झॉस्टच्या बाजूला स्टिअरिंगचा शाफ्ट, वर ब्रेकचं मास्टर सिलिंडर आणि मधे जेमतेम हात जाईल एवढी जागा. टर्बो, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा, बसवायचा तो तिथेच. म्हणून पुठ्ठ्याचा साचा कापला, मापं लिहिली, फोटो काढले आणि ऑनलाइन किट विकणाऱ्या एकाला सगळं पाठवलं. अर्ध्या तासात उत्तर आलं, ‘‘साहेब, डोळे झाकून घ्या. अशा डझनभर गाड्यांत बसवलंय.’’ माझ्यासारखी गाडी दुसरी नाहीच, मग डझनभर आल्या कुठून? हे तेव्हा सुचलं नाही. सगळे पैसे आगाऊ भरून मोकळा झालो.

किट दिसायला झकास. टर्बोवर नावाजलेल्या कंपनीची पट्टी, मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनातला धूर टर्बोकडे नेणारे पाइप, ‘३०४ स्टेनलेस’ जातीच्या स्टीलचं, चकाचक. लावून पाहिलं तर टर्बाइनचं हाउसिंग, म्हणजे टर्बोच्या गरम बाजूचं कवच, स्टिअरिंगच्या शाफ्टवरच आलं. थोडंथोडकं नाही, चांगलं दोन सेंटीमीटर. फोन केला. ‘‘फ्लँजची कड थोडी घासा, मधलं हाउसिंग जरा फिरवा, बसेल.’’ फ्लँज म्हणजे जोडावरची बोल्ट लावायची चकती, मधलं हाउसिंग म्हणजे टर्बोचा बेअरिंगवाला भाग.

आणि मी ग्राइंडर हातात घेतला. फसलो तो इथे.

घासून, फिरवून टर्बो कसाबसा बसला. पण मधलं हाउसिंग फिरवलं की ऑइल बाहेर जायचं तोंडही फिरतं. बेअरिंगमधून निघालेलं ऑइल फेसाळलेलं असतं, त्यामागे दाब नसतो, ते फक्त स्वतःच्या वजनाने खाली सम्पमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या टाकीत, उतरतं. म्हणून हे तोंड सरळ खाली हवं, फार तर ३५ अंश कललेलं चालतं. माझं जवळजवळ आडवं झालं होतं. गाडी चालू केल्यावर दहा मिनिटांत सायलेन्सरमधून निळा धूर. उतरायला वाट न मिळालेलं ऑइल सीलमधून एक्झॉस्टमध्ये शिरत होतं. शिवाय ऑइल उतरायला दिलेला पाइप साधा रबरी, लालभडक होणाऱ्या मॅनिफोल्डपासून अंगठाभर लांब. तो फुटून ऑइल मॅनिफोल्डवर पडलं असतं तर गाडी पेटायला वेळ लागला नसता.

माल परत घ्या म्हटलं, तर विकणाऱ्याचा सूर बदलला. ‘‘घासलेला माल परत होत नाही.’’ घासायला सांगितलं कुणी? तर ते फोनवर, लेखी काहीच नाही.

मग मात्र संशय आला आणि एकेक गोष्ट तपासली. मॅनिफोल्डला चुंबक लावला, तो कचकन चिकटला. ३०४ ला चुंबक धरत नाही, वाकवलेल्या जागी किंवा वेल्डवर किंचित ओढ लागते, एवढंच. इथे तर सरळ पाइपवरही काढता निघेना. टर्बोच्या पट्टीवरचा नंबर कंपनीला विचारला, असा नंबर त्यांच्याकडे नव्हताच. टर्बोच्या आतल्या शाफ्टचीही तीच गत. साध्या बेअरिंगचा टर्बो कोरडा असताना शाफ्ट बाजूला थोडा हलतो, त्याला घाबरायचं कारण नाही. पण आत-बाहेर ओढल्यावर हाताला हालचाल जाणवता कामा नये. माझा टकटक वाजत होता. मिनिटाला लाखभर फेरे घेणारी वस्तू ही! हे सगळं तपासायला पाच मिनिटं लागतात, आणि ती पाच मिनिटं पेटी उघडल्या उघडल्या द्यायची असतात. जागेवर धरून बघायचं तेही नुसतं धरून, एक ओरखडा न उठवता. बसलं नाही तर तसंच पेटीत परत. विकणारा घासायला, फिरवायला सांगत असेल तर आधी ‘हे लिहून पाठवा’ म्हणायचं. बहुतेक तिथेच त्याचं नेटवर्क जातं.

ज्यांच्यामार्फत पैसे भरले त्यांच्याकडे तक्रार केली. त्यांनी पेटी उघडतानाचे फोटो मागितले. माझ्याकडे एकही नव्हता. घासलेल्या फ्लँजचे मात्र बावीस होते, मीच विकणाऱ्याला कौतुकाने पाठवलेले.