मतदार यादीच्या तक्रारीसाठी वकिली सल्ला – ४ स्टार
आमच्या बिल्डिंगच्या पत्त्यावर भलतीच नावं यादीत घुसलेली, नावं वगळायचा फॉर्म ७ भरून दिला तरी ऑफिस ढिम्म, म्हणून या वकीलबाईंकडे गेलो. पैसे वसूल! मॅडम म्हणाल्या आधी मतदार नोंदणी अधिकाऱ्याचा आदेश लेखी मागा, आला की १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील, तिथंही नाही जमलं तर ३० दिवसांत मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे, १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम २४. आदेशच देत नसतील तर हायकोर्टात रिट, म्हणजे अधिकाऱ्याला काम करायला लावा असा अर्ज. खोटी माहिती देणाऱ्याला कलम ३१, वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते, कामचुकार अधिकाऱ्याला कलम ३२, पण ती केस निवडणूक आयोगाच्या नाहीतर मुख्य निवडणूक अधिकाऱ्याच्या हिरव्या कंदिलाशिवाय उभीच राहत नाही, घ्या आता! एक स्टार कापला कारण वेटिंग फार आणि फीची पावती मागितल्यावरच मिळते.