वाचून घ्यावं, पाठ करून मागवावं की मागून सांगावं? गावातल्या 'अँटिगनी'ची पात्रनिवड

रोवणी (धानाची लावणी) आटोपली की आमच्याकडे नाटकाच्या बैठका सुरू होतात. नेहमीचं झाडीपट्टीचं, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भाचं नाटक बाजूला ठेवून यंदा प्राचीन ग्रीक नाटककार सोफोक्लिसचं 'अँटिगनी' करायचं एखाद्या मंडळाने ठरवलं, तर पहिली अडचण येते पात्रांची. गोष्ट थोडक्यात अशी: राजा क्रेऑनचा हुकूम मोडून अँटिगनी आपल्या भावाच्या प्रेतावर माती टाकते आणि राजा तिला जिवंतपणी गुहेत कोंडतो. समाजमंदिरात वीस-पंचवीस माणसं येऊन बसतात. त्यातून क्रेऑन कोण, पहारेकरी कोण, हे ठरवायचं कसं? कागद हातात देऊन वाचून घ्यायचं, घरून पाठ करून आणायला सांगायचं, की मागून वाक्य सांगून बोलवून घ्यायचं? तिन्ही प्रकार मी करून पाहिलेत. प्रत्येकात वेगळीच माणसं पुढे येतात, म्हणून पद्धत ठरवली की अर्धी निवड तिथंच होऊन जाते.

कागद देणं सगळ्यात सोपं. दोन झेरॉक्स, एक खुर्ची, संध्याकाळपर्यंत यादी तयार. युवा महोत्सवात एकांकिका केलेली कॉलेजची पोरं यात भाव खाऊन जातात. बाकीचे 'पॉलिनायकिस' आणि 'एटिओक्लिस' या दोन भावांच्या नावांवरच ठेचाळतात आणि आपण वहीत लिहितो, 'जमणार नाही'. पण ती ठेच डोळ्यांना लागलेली असते, अभिनयाला नाही. पहिल्या खेपेला मी असाच फसलो. झरझर, आवाजाच्या चढउतारासकट वाचणारा एक मुलगा क्रेऑन म्हणून घेतला. नाटकातली सगळ्यात मोठी भूमिका तीच. तालमीत कागद काढून घेतला आणि गडी कोरा. वाचता फर्मास येत होतं, समोरच्या माणसाशी बोलता येत नव्हतं. तीन आठवडे पाण्यात गेले.

मागून सांगून बोलवून घेण्याची रीत आपल्या भागाला नवी नाही. झाडीपट्टीत प्रॉम्प्टरशिवाय पडदा उघडत नाही. दिवाळीनंतर सीझन लागला की गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाच्या नाटक कंपन्यांतले कलावंत आज या गावात, उद्या त्या गावात, रात्री उशिरा सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत ओढतात. एवढे संवाद पाठ कोण करणार? विंगेतून वाक्य येतं, नट ते कानाने उचलतो आणि स्वतःचं करून फेकतो. शहरात शिकून आलेली पोरं याला हसतात. त्यांना सांगावं, याच रंगभूमीवर उभं आयुष्य काढलेल्या परशुराम खुणेंना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. कानाने घेतलेलं वाक्य लगेच अंगात उतरवणं ही विद्याच आहे, आणि ऑडिशनला ती फार उपयोगी पडते. अक्षरांची भीती मधून निघून जाते आणि माणूस दिसतो.

गेल्या वेळी भजनी मंडळातल्या एक मावशी दाराशी बसल्या होत्या, पोरीला सोबत म्हणून आलेल्या. वाचता का, विचारलं. "वाचता नाही येत जी मले," म्हणाल्या, "सांगा, म्हणतो." मी दूताचा उतारा एकेक वाक्य करून सांगत गेलो. गुहेच्या तोंडाशी राजा येतो, आतून आपल्या पोराचा, अँटिगनीशी लग्न ठरलेल्या हायमनचा आवाज ऐकतो, माणसं दगड बाजूला सारून डोकावतात, तर अँटिगनी गळफास लावून लटकलेली आणि हायमन तिच्या कमरेला मिठी मारून. मावशी रडल्या नाहीत, आवाज चढवला नाही. विहिरीवर पाणी शेंदता शेंदता काल काय झालं ते सांगावं, तशा सांगत होत्या. 'मिठी मारून' म्हणताना त्यांचा हात पदराकडे गेला आणि अर्ध्यात थांबला. समाजमंदिरात पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती.

हा उतारा मी मुद्दाम निवडतो. ग्रीक शोकांतिकेत मरण सहसा पडद्याआड होतं आणि कुणीतरी येऊन ते सांगतं. आपल्याकडे तलवार, रक्त, किंकाळी, सगळं समोर लागतं, त्यामुळे पोरं ऑडिशनला अँटिगनीचा विलाप नाहीतर क्रेऑनचा संताप मागतात. विलाप सगळ्यांना जमतो. न पाहिलेलं दाखवणारा माणूस सापडत नाही, म्हणून आलेल्या प्रत्येकाला आधी दूत करायला लावा, मग त्याला पुढे काहीही मिळो.

कानाने घेणाऱ्यांची एक खोड मात्र बघून ठेवा. प्रत्येक वाक्याआधी ते अर्धा क्षण वाट पाहतात, कारण विंगेतून आवाज यायचा असतो. लांब भाषणात ते खपून जातं, उलट भारदस्त वाटतं. पण क्रेऑन आणि हायमन, बाप-लेक, एकेका ओळीत एकमेकांना तोडतात तिथे तोच अर्धा क्षण नाटक मारतो. या दोघांसाठी दुसऱ्या दिवशी जोड्या लावा, दोघांच्या हातात कागद द्या आणि एकच नियम सांगा: समोरच्याचं वाक्य संपायच्या आत तोंड उघडायचं. इथं कॉलेजची पोरं मुरलेल्या नटांना मागे टाकतात, हे मान्य करायला हवं.

घरून पाठ करून आणायला सांगितलं तर काय येतं? कुठल्याशा ऐतिहासिक नाटकातलं हुकमी स्वगत, टाळीला जागा सोडून. त्यातून पाठांतर कळतं, हौस कळते, बाकी काही नाही. शिवाय दिवसभर निंदणाला जाणाऱ्या बाईला पाठ करायला वेळ कुठला? दुसऱ्या फेरीत फक्त क्रेऑनच्या दोघा-तिघा उमेदवारांना हे सांगा. मंडळाने सोफोक्लिसचंच 'ईडिपस' घेतलं असतं तर माझं मत बदललं असतं. तिथे नायक जवळजवळ पूर्णवेळ मंचावर असतो, पाठांतर आधी तपासावंच लागेल.

पहारेकऱ्यासाठी खडी गंमतवाला, म्हणजे आपल्याकडच्या तमाशासारख्या लोकनाट्यातला विनोदी नट बोलवा. प्रेतावर कुणीतरी माती टाकली ही खबर घेऊन तो राजाकडे येतो, पण वाटेत किती वेळा थांबलो, मागे वळायचं मनात आलं, याचंच पाल्हाळ लावतो. गंमतवाला पहिल्याच वाक्याला हंशा घेईल. तो थांबतो का, ते बघायचं. तोच प्रवेश पुन्हा करायला लावा, या वेळी क्रेऑन त्याला फाशीची धमकी देतोय हे आधी सांगून. तरीही प्रेक्षकांकडे बघून डोळा मारला, तर हात जोडून निरोप द्या.

कोरस, म्हणजे एकत्र बोलणारा-गाणारा समूह, एकेकट्याला तपासून निवडता येत नाही. सोफोक्लिसने कोरसची संख्या बारावरून पंधरावर नेली म्हणतात. आपल्या मंचावर सात-आठ पुरे. भजनाच्या दिवशी मंडळात जाऊन बसा. एकाने ओळ सोडली की बाकीचे ती कशी झेलतात, खंजिरी कोण सांभाळतं, श्वास कुठे घेतात, ते ऐका. मग चाल काढून टाकून तेच शब्द नुसते बोलायला सांगा. चालीविना जे एकत्र राहतात, तो तुमचा कोरस. मुळात हे थीब्जचे म्हातारे आहेत, पण बायका घेतल्या म्हणून काही बिघडत नाही. युरिपिडीसच्या 'मीडिया' नाटकात तर कोरस कोरिंथच्या बायकांचाच आहे.

बैठकीत कुणीतरी म्हणेलच की ग्रीक नाटकात सगळे पुरुष मुखवटे घालून करायचे, आपल्या दंडार या लोकनाट्यातही पुरुषच लुगडं नेसतो, मग अँटिगनी गड्यालाच देऊ. गावात एकही पोरगी येत नसेल तर विचार करा. येत असतील तर तालीम चार ते सहा ठेवा, घरी सोडायला कुणी जाईल ते आधी ठरवा, म्हणजे येतात. घरच्यांचा विरोध बहुतेक वेळा अंधाराला असतो, नाटकाला नसतो.

ऑडिशन रोवणी संपल्यावर, पोळ्याच्या आत उरकायची. नंतर गणपती, मग धान कापणी.

राहिली युरिडिसी, क्रेऑनची बायको. तिला जेमतेम काही ओळी आहेत. दूत तिच्या पोराचं मरण सांगतो, ती ऐकते आणि एक शब्द न बोलता आत निघून जाते. तिच्यासाठी ना कागद लागतो, ना प्रॉम्प्टर. मावशींकडून दूत पुन्हा बोलवून घेतला आणि मुलींना एकेक करून समोर उभं केलं. चार जणी रडल्या. पाचवी शेवटपर्यंत मावशींकडे बघत राहिली, मग वळली, दाराशी चपला सरकवल्या आणि अंगणात उतरली. पायरीवर बसलेला एक जण "काहून वं, का झालं?" करत तिच्या मागे गेला. मी तेवढ्यात तिचं नाव लिहून टाकलं.