दहा डोसांची कुपी, चार तासांची मुदत: सांगली जिल्ह्यातली कोविड लसीकरण सेवा

सांगली जिल्ह्यात 2021 आणि 2022 मध्ये उपकेंद्रांपासून सांगलीच्या सिव्हिलपर्यंत जी मोफत कोविड लस मिळाली, त्या सेवेचं हे परीक्षण. निकाल आधीच सांगून टाकू. टोचणारे हात उत्तम होते आणि शीतसाखळी, म्हणजे लस शेवटपर्यंत थंड ठेवण्याची व्यवस्था, चोख होती. नोंदणीची पद्धत मात्र खेड्यासाठी चुकीची होती आणि दुसऱ्या डोसचा पाठपुरावा गावागणिक वेगळा. एखाद्या केंद्रावर माणसं समाधानानं घरी गेली की चिडून, हे बहुतेक वेळा एकाच गोष्टीवर ठरलं: तिथल्या माणसांनी दहा डोसांच्या कुपीचं गणित कसं सांभाळलं.

कोविशिल्डची कुपी 5 मिलिची, त्यात 0.5 मिलिचे दहा डोस. कुपीत पहिली सुई गेली की चार तासांत ती संपवायची, उरलं ते टाकून द्यायचं. बाळांच्या लसीकरणातल्या पोलिओसारख्या लसींची उघडी कुपी ठरावीक अटींवर पुढच्या सत्राला चालते, हिला ती सवलत नव्हती. त्यामुळे तिघं आले म्हणून सिस्टरनं लगेच कुपी उघडली नाही, तर तो तिचा आळस नव्हता. सातआठ जण जमेपर्यंत थांबवणं आणि दुपारी साडेतीनला आलेल्या दोघांना उद्या या म्हणणं, या दोन्हींचं कारण तेच. तक्रार करायचीच तर ती वेगळी आहे. बहुतेक केंद्रांवर हे कारण कुणी सांगितलंच नाही. ‘सात जण झालेत, अजून तिघं आले की सुरू करू’ एवढं वाक्य जिथं फळ्यावर लिहिलं किंवा आशाताईंनी रांगेत सांगितलं, तिथं भांडणं झाली नाहीत. उलट बसलेल्यांनीच फोन करून शेजारच्या तिघांना बोलावून घेतलं.

वाया जाणाऱ्या डोसांचा धाक मात्र गरजेपेक्षा जास्त होता. सुरुवातीच्या नियोजनात दहा टक्के नासाडी गृहीत धरली होती, पुढं एक टक्क्याच्या आत राहा असा दट्ट्या आला. कुपीत थोडं जादा औषध असतं, त्यामुळे सफाईदार हाताला अकरावा डोसही पूर्ण भरतो आणि अनेक सिस्टरनी तो काढला. हे कौशल्य वाखाणण्याजोगंच आहे. (दोन कुप्यांमधलं उरलंसुरलं एकत्र करून डोस भरणं मात्र साफ चूक, ते कुठंही चालत नाही.) पण शिराळ्याच्या डोंगरात एखाद्या वाडीवर सहाच म्हातारी माणसं असतील, तर चार डोस टाकून देऊन त्या सहांना टोचणं हाच शहाणपणा. आकडा खराब दिसेल म्हणून वाडीचं सत्र पुढं ढकललं गेलं, तिथं ही सेवा कमी पडली.

शीतसाखळीला पूर्ण गुण. कोविशिल्ड आणि कोव्हॅक्सिन दोन्ही 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये राहतात. प्राथमिक आरोग्य केंद्रातला आयएलआर (लस ठेवायचा खास फ्रीज) चोवीस तासांत आठ तास वीज मिळाली तरी ती थंडी धरून ठेवतो. म्हणून भारनियमनाच्या गावातही लस खराब होण्याची भीती फारशी नव्हती. खरा धोका उलटा असतो: लस गोठण्याचा. डीप फ्रीजरमधला आइसपॅक थेट कॅरियरमध्ये, म्हणजे लस नेण्याच्या डब्यात, घातला तर त्याला चिकटलेली कुपी गोठते, आणि गोठलेली लस फेकावीच लागते. म्हणून सकाळी सहा-सातला आइसपॅक टेबलावर काढून ठेवतात. त्यांना घाम फुटला, कानाशी हलवल्यावर आत पाण्याचा खळखळ आवाज आला, की मगच चार पॅक चार बाजूंना लावून मध्ये कुप्या ठेवायच्या. उघडलेली कुपी फोमच्या खाचेत, तिच्यावर उघडल्याची तारीख आणि वेळ पेनानं लिहिलेली. ज्या केंद्रावर कुपीवर वेळ लिहिलेली दिसे, तिथं बाकीचंही काम नीट असणार हे खुशाल धरावं. 0.5 मिलिची एडी सिरिंज एकदा दाबली की दांडा अडकतो, पुन्हा वापरता येतच नाही. त्यामुळे सुईतून दुसऱ्याचा रोग येईल या भीतीला काही आधार नव्हता. ती सिरिंज दाखवून हेही लोकांना सांगायला हवं होतं.

आता दोषांकडे. कोविशिल्ड पुण्यात तयार व्हायची आणि पुणं-सांगली हा एका दिवसाच्या आतला रस्ता आहे. तरीही 7 एप्रिल 2021 ला आरोग्यमंत्री राजेश टोपे यांना राज्यात तीनच दिवसांचा साठा उरल्याचं जाहीर करावं लागलं. अडचण रस्त्याच्या अंतराची कधीच नव्हती, वाटपाची होती. त्यातच 1 मेपासून 18 ते 44 वयोगट खुला झाला आणि त्यांना को-विन या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन वेळ घेतल्याशिवाय लस नव्हती. स्लॉट खुले झाले की काही मिनिटांत संपायचे. चांगलं इंटरनेट असलेला बाहेरगावचा माणूस खेड्यातल्या केंद्राची वेळ घ्यायचा आणि गावची पोरं दारात उभी राहून बघायची. 12 मेला राज्यानं या गटाचं लसीकरण थांबवून तो साठा 45 वर्षांवरच्यांच्या दुसऱ्या डोसकडे वळवला. तो निर्णय योग्यच होता. लगोलग 13 मेला कोविशिल्डच्या दोन डोसांमधलं अंतर 12 ते 16 आठवडे झालं आणि सहा-आठ आठवडे मोजून आलेली माणसं परत गेली. चूक अंतर वाढवण्यात नव्हती. परत पाठवताना कार्डावर नवी तारीख लिहून दिली नाही, ही चूक.

त्या किमान 12 आठवड्यांच्या, म्हणजे 84 दिवसांच्या अटीनं सांगलीत आणखी एक घोळ केला. एप्रिलच्या अखेरीस पहिला डोस घेतलेल्यांची मुदत भरली जुलै 2021 च्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, म्हणजे ऐन महापुरात. पलूस, वाळवा, मिरजेच्या कृष्णाकाठच्या गावांत माणसं जनावरं घेऊन बाहेर पडली होती, कुणाच्या डोक्यात दुसरा डोस असणार? पूर ओसरल्यावर ज्या आशाताईंनी आपल्या वहीतून नावं काढून घरोघर निरोप दिले, तिथली माणसं परत आली. जिथं मोबाईलच्या मेसेजवर भिस्त ठेवली, तिथली बरीच राहिली.

त्या वहीला तोड नाही. जी गावं व्यवस्थित चालली त्यांची पद्धत साधी होती: आदल्या संध्याकाळी यादी, वार्डवार टोकन, टोकनं दहाच्या पटीत, प्रत्येक दहांना एक तास. म्हातारी आणि बाळंतिणी सकाळी, रानातून येणारे दुपारनंतर. ऑपरेटर एक आणि मोबाईल दोन, कारण रेंज एका कंपनीची असते तर दुसरीची नसते. चांदोलीकडच्या पट्ट्यात तीही नसे, तेव्हा कागदावर लिहून रात्री भरायचं. तिथंच चुका घुसल्या. दुसऱ्या डोसाला वेगळा मोबाईल नंबर दिला, की प्रणाली तो माणूस नवा समजून पुन्हा ‘पहिला डोस’ दाखवायची. विटा, आटपाडी, खानापूरच्या गलाई (सोनं-चांदी गाळणाऱ्या) कामगारांना हा त्रास सगळ्यात जास्त झाला. पहिला डोस परराज्यात तिथल्या नंबरवर, दुसरा गावी भावाच्या नंबरवर, आणि हातात पहिल्या डोसाची दोन प्रमाणपत्रं. ती दोन्ही एकत्र करण्याची सोय पुढं पोर्टलवर आली, पण ती आहे हे केंद्रावर सांगणारं कुणी नव्हतं. ऊसतोड मजुरांचंही तेच. सगळ्या कोप्यांना (झोपड्यांना) मिळून मुकादमाचा एक नंबर, आणि एका नंबरावर चारच नावं. सहा नावांची मुभा जानेवारी 2022 मध्ये मिळाली, तोवर हंगाम अर्धा झाला होता.

लोकांनी लस का टाळली, याला ‘अज्ञान’ म्हणून मोकळं होणाऱ्यांशी आमचं पटत नाही. 8 ते 14 ऑक्टोबर 2021 ला राज्यानं मिशन कवच कुंडल ही लसीकरण मोहीम राबवली, तेव्हा तासगाव-कवठेमहांकाळ पट्ट्यात द्राक्षाच्या फळछाटणीची धांदल होती. कोविशिल्डनंतर एक-दोन दिवस ताप आणि अंगदुखी येणं नेहमीचं. मजुराची दोन दिवसांची हजेरी बुडते आणि सगळी टोळी एकदम आजारी पडली तर बागायतदाराची छाटणी रखडते. निम्मी टोळी आज, निम्मी चार दिवसांनी, सत्र संध्याकाळी, आणि जेवणानंतर घ्यायच्या पॅरासिटामॉलच्या गोळ्या हातात, एवढं केलं की नकार गळून पडे. जतच्या पूर्वेला उमदी, संख भागात कन्नड बोलणारी घरं आहेत. तिथं मराठी पत्रकानं काही साधत नव्हतं, कन्नड बोलणारी आशाताईच लागायची. नोव्हेंबरात हर घर दस्तक ही घरोघर लस देण्याची मोहीम सुरू झाली आणि त्याच सुमारास एसटीचा संप. गाडीच नाही तर केंद्रावर यायचं कसं, म्हणून त्या काळात घरापर्यंत जाणारी पथकं हाच एक मार्ग उरला होता.

डोसानंतरचा अर्धा तास सगळ्यात वाया गेला. बसवून ठेवायचं कारण तीव्र अॅलर्जी, ती आली तर बहुधा लवकरच येते आणि अॅड्रेनलिन जवळ असावं लागतं. एवढं पाळलं जायचं. पण त्याच अर्ध्या तासात रक्ताच्या गुठळीच्या लक्षणांबद्दल बोलायला हवं होतं. हा धोका अतिशय दुर्मीळ, तरी केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं मे 2021 मध्येच सूचना दिली होती: 20 दिवसांच्या आत दम लागणं, छातीत दुखणं, पाय सुजणं, न थांबणारी डोकेदुखी, धूसर दिसणं यांतलं काही झालं तर लगेच दवाखाना गाठा. हे लपवल्यानं भीती कमी झाली नाही, वाढली. लोकांनी ती माहिती व्हॉट्सअॅपवरून घेतली, तीही तिखटमीठ लावून.

शाळांतली सत्रं सगळ्यात सुरळीत झाली. जानेवारी 2022 पासून 15 ते 18 च्या मुलांना कोव्हॅक्सिन, मार्चपासून 12 ते 14 ला कॉर्बेव्हॅक्स. तिची कुपी वीस डोसांची असूनही वर्ग भरलेला असल्यामुळे ती फुकट गेली नाही.

अंथरुणाला खिळलेल्यांसाठी मात्र सोय उशिरा आली आणि अपुरी आली. घरी जाऊन टोचायचं म्हणजे चार तासांत दहा घरं, प्रत्येक घरी अर्धा तास थांबणं, शिवाय गाडी. हे एका पथकाला जमत नाही. दोन पथकांत दोन कुप्या वाटून, पहिल्या घरी एक जण देखरेखीला ठेवून दुसऱ्यानं पुढं जायचं, असं केलं तरच बसतं. पुढं प्रौढांसाठी कुठलीही लस आणताना एक डोसाच्या थोड्या कुप्या या घरांसाठी आणि डोंगरातल्या वाड्यांसाठी वेगळ्या मागवाव्यात, आणि खिळलेल्यांची यादी आशाताईंच्या वहीतून मोहिमेच्या पहिल्याच आठवड्यात काढून ठेवावी.