अ‍ॅनी लेनॉक्स: जोडीतली की एकटी?

अ‍ॅनी लेनॉक्स या ब्रिटिश गायिकेला नव्याने ऐकणाऱ्याने सुरुवात कुठून करावी? माझ्या मते दोनच दारं आहेत: १९८३ मधला युरिथमिक्स या जोडीचा 'स्वीट ड्रीम्स' हा अल्बम किंवा १९९२ मधला तिचा एकटीचा 'दिवा' (Diva).

पहिल्यात जोडीतला दुसरा, डेव्ह स्टुअर्ट, सोबत आहे. पैशाची चणचण होती, रेकॉर्डिंग आठ ट्रॅकच्या साध्या यंत्रावर झालं. शीर्षकगीतात मध्येच एक टिणटिण ऐकू येते. ती पाणी भरून सुरात आणलेल्या दुधाच्या बाटल्यांची. हेडफोन लावून ऐका, अंगावर काटा येतो. खालून सिंथेसायझर एकाच ठेक्यात चालत राहतो आणि वर तिचा आवाज, थंड, जवळजवळ हुकूम सोडणारा. व्हिडिओत बारीक कापलेले केशरी केस, पुरुषी सूट. बाईने पॉपमध्ये कसं दिसावं, याची चौकटच तिने मोडली. हे गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं.

'दिवा'मध्ये तोच आवाज मोकळा होतो. लंडनच्या रॉयल अकॅडमीत बासरी शिकलेली ही मुलगी, श्वासावरचा तिचा ताबा 'व्हाय' या गाण्यात कळतो: ओळ संपते तरी सूर हवेत रेंगाळतो. निर्मिती स्टीफन लिप्सनची, गुळगुळीत. काही ठिकाणी मला जरा जास्तच. अल्बम ब्रिटनमध्ये अव्वल ठरला.

गायकी म्हणाल तर 'दिवा' सरस. पण मी मित्रांच्या हातात आधी 'स्वीट ड्रीम्स'च देते. त्या बाटल्यांसाठी.